दिल्लीच्या मिशनमधील स्नेहसंबंध

१९१० सालच्या जून महिन्यात स्कॉटलंडमधील एडिंबरो नगरीत जगभरच्या प्रॉटेस्टंट मिशनांची एक मोठी परिषद भरली होती. बाराशेंच्या वर प्रतिनिधी जमले होते. त्यांत आशिया खंडातून आलेले जेमतेम वीस. या विसांपैकी एक होते दक्षिणेतील तरुण धर्मोपदेशक व्ही. एस. अझरिया. परदेशी मिशनरी आणि त्यांचे एतद्देशीय सहकारी यांचे परस्परसंबंध हा त्यांच्या भाषणाचा विषय होता. चार गोड शब्दांत आभार मानून ते खाली बसतील, अशीच बहुतेकांची अपेक्षा असावी. आभार त्यांनी मानलेही. मिशनऱ्यांनी केलेला त्याग आणि उपसलेले कष्ट यांविषयी कृतज्ञता व्यक्त केल्यावर अखेरीस ते म्हणाले की, तुम्ही आम्हांला पुष्कळ दिलेत; आता आम्हांला मित्र द्या. या मागणीने सभागृहात मोठी खळबळ उडाली. हेच अझरिया पुढे दोन वर्षांनी दोर्णकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चमध्ये त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय होत.

मागणी प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. जो मनुष्य आपले घर, आईबाप आणि मायभाषा सोडून हजारो मैलांवर येतो, रोग्यांची शुश्रूषा करतो, मुलांना शिकवतो आणि पुष्कळदा त्या परक्या मातीतच देह ठेवतो, त्याच्यापाशी मैत्रीचीच तेवढी उणीव असावी हे कसे? दयेची उणीव नव्हती. परंतु दया वरून खाली उतरते. मैत्रीला दोन्ही पाय एकाच पातळीवर टेकावे लागतात. मिशनमधील नित्याचे जीवनच असे आखलेले असे की, दयेला तेथे भरपूर वाव मिळे आणि मैत्रीची मात्र कोंडी होई. ही गोष्ट समजून घ्यावयाची, तर मोठमोठ्या ठरावांपेक्षा एखाद्या मिशनघरातील रोजचा दिवस पाहणे बरे. त्या दृष्टीने दिल्लीच्या केंब्रिज मिशनमधील १९०४ ते १९१४ ही दहा वर्षे फार बोलकी आहेत.

दिल्लीत अँग्लिकन मिशनचे काम १८५४ साली सुरू झाले. तीनच वर्षांनी उठावाच्या धामधुमीत तेथील मिशनरी मारले गेले आणि काम पुन्हा पायापासून उभारावे लागले. १८७७ साली केंब्रिज विद्यापीठातील काही पदवीधर या कामाला येऊन मिळाले, आणि तेव्हापासून ते केंब्रिज मिशन या नावाने ओळखले जाऊ लागले. शिकलेल्या हिंदी तरुणांशी विचारांच्या पातळीवर बोलता यावे, हा त्यांचा विशेष हेतू होता. त्यातूनच १८८१ साली सेंट स्टीफन्स कॉलेजचा जन्म झाला. स्त्रियांसाठी रुग्णालय निघाले, शाळा निघाल्या. काश्मिरी दरवाजाजवळ कॉलेजची घुमटदार इमारत उभी राहिली. तिचा आराखडा जयपूरच्या वास्तूंमुळे प्रसिद्ध झालेल्या स्विंटन जेकब यांनी केला होता. त्या वेळची दिल्ली म्हणजे राजधानी नव्हे. दोन लाखांच्या घरातील वस्तीचे, पंजाब प्रांतात मोडणारे, गतवैभवाच्या आठवणी उराशी धरून बसलेले ते एक शहर होते. कॉलेजच्या परीक्षा लाहोरच्या विद्यापीठाच्या आणि धर्मगुरूंवर सत्ता लाहोरच्या बिशपची.

या मिशनचे पुरुष सभासद बंधुसंघ करून राहत. सर्वांनी अविवाहित राहावयाचे, एका घरात नांदावयाचे, एका पंक्तीला जेवावयाचे आणि खर्चापुरते घेऊन बाकीची चिंता संघावर सोपवावयाची, असा त्यांचा नेम. आपल्याकडील मठाची आठवण व्हावी असेच हे जीवन होते. सकाळची उपासना, मग कॉलेजातील तास, दुपारची प्रार्थना, संध्याकाळी पुन्हा उपासना. मधल्या वेळात वसतिगृहातील मुलांची विचारपूस, वस्त्यांतून फेरी, हिशेब, पत्रव्यवहार. नव्याने आलेल्या माणसाला पहिली शिक्षा म्हणजे उर्दूची. मुनशीपुढे बसून काफ आणि क़ाफ यांतील भेद घशातून काढता काढता केंब्रिजचा मोठा पंडितही पुन्हा बाळबोध वर्गात जाऊन बसे. हा एकच प्रसंग असा की, ज्यात हिंदी माणूस वरच्या आसनावर आणि साहेब खालच्या आसनावर असे. पुष्कळ मिशनऱ्यांची या देशातील पहिली खरी ओळख मुनशीशीच झाली, यात नवल नाही.

उन्हाळ्यात डोंगरावर जावयाचे आणि पावसाळ्यात हिवतापाशी झुंजावयाचे हा क्रम ठरलेला. आठवड्याला विलायतेची टपाल निघे. मुंबईहून बोटीने जाणारे पत्र घरी पोहोचून त्याचे उत्तर हाती पडेपर्यंत महिना-सव्वा महिना सहज लोटे. आईला आजार झाल्याची बातमी येई, तेव्हा आई बरी तरी झालेली असे किंवा गेलेली तरी असे. या पत्रांतून आणि मिशनच्या छापील वार्तापत्रांतून तेथील जीवनाचे पुष्कळ तपशील कळतात. तथापि घरात पाणी भरणारा, पंखा ओढणारा, खाना रांधणारा यांची नावे अशा लिखाणात शोधू गेल्यास ती क्वचितच सापडतात. खानसामा हा खानसामा, भिश्ती हा भिश्ती. वीस वर्षे एका छपराखाली राहूनही!

आणि हे केवळ नोकरांच्या बाबतीतच नव्हते. हिंदी ख्रिस्ती शिक्षक मिशनच्या शाळेत शिकवी, त्याच देवळात गुडघे टेकी. पण साहेबांच्या मेजावर तो जेवावयास बसे तो एखाद्या सणाच्या निमित्ताने. वेतन वेगळे, घर वेगळे, आणि निर्णय घेणारी समिती तर सर्वस्वी गोऱ्यांची. यात दुष्टावा होता असे नाही. गोऱ्यांच्या वसाहतीची जी रीत, ती मिशनच्या कुंपणाआडही नकळत आत आली होती. दिल्लीचे मिशन यातल्या त्यात उदार. तरीही राज्यकर्त्यांचा जातिधर्म त्याच्याही अंगाला चिकटलेला होता.

अशा या घरात २० मार्च १९०४ रोजी चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज या तेहतीस वर्षांच्या धर्मोपदेशकाने पाऊल टाकले. ते आले तेही एका मित्रापायी. बेझिल वेस्टकॉट हा त्यांचा केंब्रिजमधील जिवलग सखा कानपूरच्या मिशनमध्ये काम करीत असता १९०० साली पटकीने वारला. त्याची रिकामी जागा आपण भरावी अशी ओढ अँड्र्यूजना लागली. २० मार्च हा दिवस पुढे ते आपला दुसरा जन्मदिवस म्हणून पाळीत आणि स्वतःला द्विज म्हणवीत. हा शब्द त्यांनी कौतुकाने उचलला होता, पण त्याचा अर्थ उमगण्यास त्यांना काही वर्षे लागली असली पाहिजेत. कारण आले तेव्हा ते इंग्रजी साम्राज्याचे चांगले अभिमानी होते, आणि हिंदुस्थानचे भले इंग्रजांच्या हातूनच व्हावयाचे, याविषयी त्यांना फारशी शंका नव्हती.

ही समजूत एखाद्या ग्रंथाने बदलली नाही. ती बदलली कॉलेजातील एका सहकाऱ्याने. सुशीलकुमार रुद्र हे बंगाली गृहस्थ. त्यांचे वडील अलेक्झांडर डफ यांच्या प्रभावाने ख्रिस्ती झालेले. सुशीलकुमार १८८६ पासून सेंट स्टीफन्समध्ये शिकवीत होते. अत्यंत मितभाषी, नीटनेटके, कोणाच्याही डोळ्यांवर न येणारे. पत्नी निवर्तलेली, घरात मुले. अँड्र्यूज या घरी जाऊ लागले आणि जाता जाता त्या घरचेच झाले. मिशनघराच्या मेजावर जे कधी ऐकू आले नसते, ते येथे ऐकू येई. सुशिक्षित हिंदी माणसाला आगगाडीच्या डब्यातून कसे उतरवून देतात, सरकारी कचेरीत त्याला कोणत्या स्वरात हाक मारतात, आणि तो अपमान मुकाट गिळून घरी आल्यावर त्याच्या मनाची काय अवस्था होते, हे रुद्रांनी आक्रस्ताळेपणा न करता आपल्या मित्राला दाखवून दिले. या देशाविषयी आपल्याला जी काही दृष्टी आली, ती सर्वांत आधी रुद्रांमुळे, असे अँड्र्यूजनी पुढे आपल्या आत्मचरित्रात निःसंकोचपणे मान्य केले आहे.

या मैत्रीची कसोटी लवकरच लागली. १९०६ साली कॉलेजच्या प्राचार्यांची जागा रिकामी होणार होती. रुद्र हे सर्वांत जुने आणि अनुभवी प्राध्यापक होते, पण ते हिंदी. अँड्र्यूज येऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती, पण ते इंग्रज. मिशनच्या कॉलेजचा प्रमुख इंग्रजच असावयाचा ही जणू सृष्टीची व्यवस्था होती. त्यामुळे साहजिकच नवख्या अँड्र्यूजचे नाव पुढे आले. हिंदी प्राचार्याच्या हाती शिस्त राहील काय, पालक आपली मुले विश्वासाने पाठवतील काय, इंग्रज प्राध्यापक त्याच्या हाताखाली काम करतील काय, अशा शंका वरिष्ठांपैकी काहींनी काढल्या. या शंका मांडणारी माणसे रुद्रांचा आदर करणारीच होती. आदर होता, अधिकार देण्याची मात्र तयारी नव्हती.

अँड्र्यूजनी ती जागा घेण्यास साफ नकार दिला. रुद्रांना डावलले तर आपण मिशनच सोडून जाऊ, असे त्यांनी कळवले. इतर काही तरुण सहकारीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर १९०६ मध्ये रुद्र प्राचार्य झाले. आज ही बाब किरकोळ वाटेल. परंतु ज्या काळी जिल्ह्याच्या कारभारात एखाद्या हिंदी अधिकाऱ्याच्या हाताखाली गोरा मनुष्य नेमणे अशक्यप्राय समजले जाई, त्या काळी केंब्रिजचे पदवीधर एका बंगाली प्राचार्याच्या हाताखाली काम करू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. शिस्त बिघडली नाही आणि पालकांनी मुले काढूनही नेली नाहीत. रुद्र १९२३ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, त्या पदावर होते.

दुसरी मैत्री याहून निराळ्या जातीची. दिल्लीच्या जुन्या वस्तीत मुनशी जकाउल्ला नावाचे वयोवृद्ध विद्वान राहत. अँड्र्यूज आले तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती. अलाहाबादच्या म्यूर कॉलेजात त्यांनी अध्यापन केले होते; गणित, इतिहास आणि नीती या विषयांवर शंभराहून अधिक उर्दू ग्रंथ लिहिले वा भाषांतरिले होते. शिक्षण मातृभाषेतूनच झाले पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह. अँड्र्यूज त्यांच्याकडे जात आणि तासन् तास ऐकत बसत. बहादुरशहाचा अखेरचा दरबार, जुन्या दिल्ली कॉलेजातील दिवस, सत्तावनच्या साली त्या शहरावर कोसळलेला कहर, हे सारे त्या वृद्धाने आपल्या डोळ्यांनी पाहिले होते.

या मैत्रीत एक सूक्ष्म पेच होता. जकाउल्ला हे जुन्या दिल्ली कॉलेजातील मास्टर रामचंद्र यांचे आवडते शिष्य. रामचंद्र म्हणजे ज्यांचा गणितावरील ग्रंथ डी मॉर्गन या विख्यात गणितज्ञाने १८५९ साली लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध करवला, तेच. या रामचंद्रांनी १८५२ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा दिल्लीत मोठा गहजब झाला होता. गुरूने धर्म बदलला. शिष्य अखेरपर्यंत निष्ठावंत मुसलमान राहिला, आणि तरीही गुरूविषयीचा त्याचा आदर लेशभर कमी झाला नाही. म्हणजे मिशनऱ्याशी मैत्री करणे म्हणजे काय, आणि आपण त्यात कोठे थांबावयाचे, हे जकाउल्लांना अँड्र्यूजपेक्षा कितीतरी आधी ठाऊक होते. धार्मिक वादविवादाचा त्यांना मनापासून तिटकारा होता. दिल्लीत पाद्री आणि मौलवी यांचे जाहीर वाद पूर्वी गाजत असत. त्यांतून कोणाचेही भले झाल्याचे दिसले नव्हते.

तर मग मिशनरी म्हणून आलेल्या माणसाने या वृद्धाच्या घरी बसून काय केले? धर्मोपदेश केला असे दिसत नाही. मिशनच्या हिशेबी वहीत या भेटी कोणत्या रकान्यात घालाव्या, हा प्रश्न एखाद्या काटेकोर चिटणीसाला पडला असता. पाठशाळेत किती मुले, बाप्तिस्मे किती, रुग्ण किती, याची गणती करता येते. एका मुसलमान वृद्धाच्या सहवासात घालवलेली संध्याकाळ कशी मोजावी? १९१० साली जकाउल्ला वारले. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९२९ मध्ये, अँड्र्यूजनी त्यांचे छोटेखानी चरित्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मिशनरी म्हणून आलेल्या माणसाने एका धर्मनिष्ठ मुसलमानाचे, तो होता तसाच, निरपेक्ष प्रेमाने लिहिलेले असे चरित्र विरळाच सापडेल. जुन्या दिल्लीच्या सुसंस्कृत जीवनाविषयी जाणून घेऊ इच्छिणाऱ्याने ते अवश्य वाचावे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ही मंडळी सिमल्यापलीकडे कोटगढच्या डोंगरात जात. तेथे सॅम्युएल स्टोक्स नावाचा एक अमेरिकन तरुण राहत असे. तो फिलाडेल्फियाच्या सुखवस्तू घराण्यातला. १९०४ सालीच तो महारोग्यांच्या सेवेसाठी या देशात आला आणि पुढे फकिरासारखा हिंडू लागला. भगव्या वस्त्रांतील ख्रिस्ती साधू सुंदरसिंग काही काळ त्याच्याबरोबर फिरत होते. रुद्र, अँड्र्यूज, स्टोक्स आणि सुंदरसिंग अशी ही मंडळी, त्या देवदारांच्या रानात मिशनच्या चौकटीपासून दूर, परस्परांना भेटत. मिशनऱ्याने या देशात बंगला सोडून संन्याशासारखे का राहू नये, ही चर्चा येथेच रंगे. १९१० साली त्यातून एक छोटा बंधुसंघही निघाला, पण तो टिकला नाही. स्टोक्सने १९१२ मध्ये तेथीलच एका मुलीशी विवाह केला. संन्यासाने गरिबांपासूनचे अंतर तुटत नाही, संसाराने तुटते, असा त्याचा अनुभव दिसतो. पुढे त्याने कोटगढला अमेरिकन सफरचंदांची लागवड केली, असहकाराच्या चळवळीत तुरुंगवास भोगला आणि १९३२ साली सत्यानंद हे नाव घेऊन हिंदू धर्म स्वीकारला. धर्म द्यावयास आलेल्या माणसाचा हा प्रवास! हिमाचलातील सफरचंदांच्या बागांकडे पाहताना त्यामागे मिशनघरातील हे वादविवाद आहेत, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

स्नेह वाढत गेला तशी अँड्र्यूजची लेखणीही मोकळी झाली. १९०६ च्या उन्हाळ्यात ते सनावर येथील लष्करी शाळेत काही काळ काम पाहत होते. लाहोरच्या सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट या गोऱ्यांच्या पत्रात सुशिक्षित हिंदी लोकांविषयी एक अत्यंत तुच्छतेचे पत्र छापून आले. अँड्र्यूजनी त्याच पत्रातून, स्वतःच्या सहीने, त्याला उत्तर दिले. एका पाद्रीने आपल्याच लोकांना चारचौघांत खडसावले, याचे पंजाबातील पुढाऱ्यांना नवल वाटले, आणि लाला लजपतराय यांच्यासारख्यांशी त्यांचा परिचय झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याच्या काँग्रेसलाही ते गेले. गोऱ्यांच्या क्लबांत त्यांच्याविषयी काय बोलले जाऊ लागले असेल, ते सांगावयास नको.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने नोंदवली पाहिजे. अँड्र्यूज हे सहकारी म्हणून सोपे गृहस्थ नव्हते. भावनेच्या भरात धावावयाचे, एक काम अर्धे टाकून दुसऱ्याकडे वळावयाचे, हातातील पैसा आणि अंगावरील कोट मागेल त्याला देऊन टाकावयाचा, हा त्यांचा स्वभाव. मागे राहिलेले तास कोणीतरी घ्यावे लागत. जे मिशनरी मुकाट्याने वेळापत्रक सांभाळीत राहिले, त्यांची नावे इतिहासाने लक्षात ठेवली नाहीत. परंतु त्यांच्यावाचून कॉलेज चालले नसते.

१९१२ च्या उन्हाळ्यात अँड्र्यूज रजेवर इंग्लंडला गेले असता लंडनमध्ये चित्रकार रोथेनस्टाइन यांच्या घरी रवींद्रनाथांच्या कवितांचे वाचन झाले. कवी येट्स वाचीत होते. त्या रात्री अँड्र्यूजना झोप आली नाही. ते मोकळ्या माळावर फिरत राहिले. दिल्लीस परतल्यावर कॉलेजातील दिवस पूर्वीप्रमाणेच चालू झाले खरे, पण मन शांतिनिकेतनाकडे धावू लागले.

निर्णायक हाक मात्र एका महाराष्ट्रीय पुढाऱ्याकडून आली. १९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील हिंदी मजुरांचा लढा ऐन भरात होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले प्रकृती खालावलेली असताही त्यासाठी गावोगाव निधी गोळा करीत हिंडत होते. अँड्र्यूजनी आपली शिलकी पुंजी त्यांच्या स्वाधीन केली. पुंजीपेक्षा माणूस अधिक मोलाचा आहे हे गोखल्यांनी ओळखले आणि त्यांना आफ्रिकेस जाण्यास सांगितले. बरोबर विल्यम पिअर्सन निघाले. हेही मूळचे मिशनरीच. कलकत्त्यातील मिशनचे काम सोडून ते दिल्लीस लाला सुलतानसिंग यांच्या घरी त्यांच्या मुलाला शिकवीत होते. हा विद्यार्थी, रघुवीरसिंग, पुढे १९२० साली दिल्लीतील मॉडर्न स्कूलचा संस्थापक झाला.

१९१४ च्या जानेवारीच्या आरंभी बोट दरबानला लागली. धक्क्यावर उभ्या असलेल्या मंडळींत मुंडन केलेली, मजुराच्या जाड्याभरड्या शुभ्र वेषातील एक कृश मूर्ती होती. गांधी कोणते, असे अँड्र्यूजनी विचारले आणि कळताच वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तेथील गोऱ्यांत या कृतीने मोठा संताप उसळला. एका इंग्रज धर्मगुरूने आशियाई माणसाचे पाय धरावे, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हते. त्याच महिन्यात अँड्र्यूजच्या आजारी आईच्या निधनाची बातमी आफ्रिकेतच त्यांच्या हाती पडली. गांधी आणि कस्तुरबा यांचा स्नेह त्यांना अशा दिवसांत लाभला. पुढे गांधींना 'मोहन' अशी हाक मारणारी जी थोडी माणसे उरली, त्यांत चार्ली अँड्र्यूज हे एक होते.

परत आल्यावर ते मिशनमध्ये राहू शकले नाहीत. १९१४ सालीच त्यांनी दिल्ली सोडली, शांतिनिकेतन गाठले आणि धर्मगुरूपदाची कर्तव्येही बाजूस ठेवली. ख्रिस्तावरील श्रद्धा तिळभरही ढळली नव्हती. परंतु जे आपला ठरावीक विश्वास मानीत नाहीत त्यांचा कायमचा नाश होईल, असे बजावणारे प्राचीन मतपत्र उपासनेत उच्चारणे त्यांना अशक्य झाले होते. यामागे तात्त्विक विचार होताच. पण ज्याने जकाउल्लांच्या घरी संध्याकाळी घालवल्या, त्याच्या जिभेवर ते शब्द कसे यावेत? मिशनने मित्र दिले आणि मित्रांनी मिशन सोडावयास लावले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तेवढेच म्हणणे रुद्रांवर अन्यायाचे होईल.

कारण रुद्र कोठेही गेले नाहीत. अँड्र्यूजना निघून जाता आले. ते इंग्रज होते, एकटे होते, आणि जगात कोठेही त्यांना आसरा होता. रुद्रांच्या मागे कॉलेज होते, घर होते, आणि हिंदी ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला येणारा दुहेरी संशय होता. गोऱ्यांना तो हिंदी म्हणून परका आणि हिंदी लोकांना ख्रिस्ती म्हणून परका. असे असता १९१५ साली गांधी दिल्लीस आले, ते रुद्रांच्याच घरी उतरले. पुढेही दिल्लीतील त्यांचा मुक्काम बहुधा तेथेच असे. खिलाफतीच्या प्रश्नावर व्हाइसरॉयना पाठवावयाच्या पत्राचा मसुदा याच घरी तयार झाला. सरकारी अनुदान घेणाऱ्या मिशनच्या कॉलेजातील प्राचार्याने असहकाराच्या नेत्याला आपल्या घरात जागा देणे म्हणजे काय जोखीम होती, याची कल्पना करता येईल. गांधींना स्वतःलाही तिची जाणीव होती. आपल्यामुळे कॉलेजवर संकट येईल अशी भीती त्यांनी बोलून दाखवली होती. रुद्रांनी ती मनावर घेतली नाही.

१९२३ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्यानंतर पुन्हा एक इंग्रज प्राचार्य आले आणि १९२६ पासून एस. एन. मुखर्जी. रुद्र तेव्हा हयात नव्हते. १९२५ च्या जूनअखेर सोलन येथे त्यांचा अंत झाला होता. त्यानंतरच्या आठवड्यांत गांधींनी आपल्या 'यंग इंडिया' पत्रात त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. वरील पत्राच्या मसुद्याची हकीकत आणि त्या आतिथ्यामागची जोखीम जगाला समजली ती त्या लेखातून. रुद्रांनी स्वतः ती कोठे सांगितली नव्हती.